गॅलरीचा कठडा आणि हेरिटेज कमिटी: जुन्या इमारतीच्या दुरुस्तीची परवानगी कशी काढायची

पावसाळा सरला की मला एकाच तऱ्हेचे फोन यायला लागतात. "ताई, गॅलरीचा कठडा हलतोय. काढून स्टीलचा बसवायचाय. पण आमची बिल्डिंग हेरिटेजमध्ये आहे म्हणतात. परवानगी लागते का?"

लागते. आणि मिळतेही. दुसरं वाक्य मी मुद्दाम लगेच सांगते, कारण पहिलं ऐकल्यावर बरेच जण फोन ठेवतात आणि रातोरात वेल्डर बोलावतात.

मी आर्किटेक्ट आहे. गिरगावातल्या एका वाडीत वाढले. दोन माळे, लाकडी जिना, चौदा बिऱ्हाडं, समोर सामाईक गॅलरी. गेली बावीस वर्षं अशाच इमारतींची मापं घेते, नकाशे काढते, दुरुस्तीच्या फायली वारसा समितीपुढे नेते आणि नंतर गवंडी-सुतारांबरोबर परांचीवर उभी राहते. इतक्या वर्षांत अडकलेल्या फायली पुष्कळ पाहिल्या. त्यातल्या बहुतेक समितीने "नाही" म्हटल्यामुळे अडकल्या नव्हत्या. इमारतीत आज काय आहे, त्यातलं काय बिघडलंय आणि नेमकं किती बदलायचंय, हे फायलीतून कळतच नव्हतं. आपल्याच घराकडे नीट न बघता केलेला अर्ज परत येतो. नीट बघून केलेला अर्ज सहसा येत नाही. म्हणून या लेखात बैठकीपेक्षा बैठकीच्या आधीच्या कामाबद्दल जास्त लिहिलंय.

आधी आपण कुठे उभे आहोत ते पाहा

मुंबईत वारसा इमारतींसाठी नियम लागू झाले एप्रिल १९९५ मध्ये. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला तो ६७ क्रमांकाचा नियम. आता २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नियमावलीत तेच काम ५२ क्रमांकाचा नियम करतो. देशातल्या कुठल्याही शहराने इमारतींची यादी करून तिला असं कायद्याचं बळ देण्याची १९९५ ची ती पहिलीच वेळ होती. त्या यादीत सहाशेहून जास्त इमारती आणि परिसर आले. सरकारी भाषेत मुंबई वारसा जतन समिती, आपल्या बोलण्यात हेरिटेज कमिटी, ती या नियमाखाली बसते. समितीवर वास्तुरचनाकार असतात, स्ट्रक्चरल इंजिनिअर असतो, शहराच्या इतिहासाचे जाणकार असतात, पर्यावरणाचा जाणकार असतो.

समिती सल्ला देते, परवानगी देतात महापालिका आयुक्त. समितीचा सल्ला बाजूला ठेवायचा झाला तर तो खुद्द आयुक्तांनीच, अपवाद म्हणून आणि कारणं लेखी नोंदवून ठेवायचा असतो. हे सांगते कारण वॉर्ड ऑफिसमधल्या एखाद्या ओळखीच्या माणसाने "मी बघतो" म्हटलं म्हणून काम सुरू करणारे लोक मी पाहिलेत. तो अधिकार त्या माणसाकडे नसतो. काम थांबवण्याची नोटीस येते तेव्हा अर्धा कठडा उतरवलेला असतो आणि मुलांना गॅलरीत सोडायची सोय राहत नाही.

यादीत आपली इमारत स्वतंत्र नावाने आहे, की आपण एखाद्या वारसा परिसरात येतो, हे आधी शोधा. दोन्हींत फरक आहे. खोताची वाडी हा अख्खा परिसर यादीत आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावाची ही वाडी अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनची. तिथे एकेकाळी पासष्ट घरं होती, आज त्याच्या निम्मीही उरलेली नाहीत. परिसरातल्या घराबद्दल विचार करताना समिती एकट्या घराकडे बघत नाही. गल्लीची रुंदी, शेजारच्या छपरांची ओळ, ओटे, बाहेरून चढणारे जिने असं सगळं मिळून बघते.

मग दर्जा पाहा. दर्जा चार: एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा उच्च न्यायालयाची इमारत पहिल्या दर्जात. तिथे आत-बाहेर काहीही बदलायचं नाही. वास्तू मजबूत करायला आणि तिचं आयुष्य वाढवायला जितकं अगदी लागेल तितकंच, तेही मूळ रूपाला धरून करायचं. दोन-अ मध्ये आतले बदल बारकाईने तपासून होऊ शकतात. दोन-ब मध्ये त्याच आवारात जुळेल अशी भर घालायला काही वेळा वाव मिळतो. आपल्या चाळी, वाड्यांमधली घरं बहुतांशी तिसऱ्या दर्जात किंवा परिसरात येतात. तिसऱ्या दर्जाच्या व्याख्येतला एक भाग मला फार आवडतो. एखाद्या समाजाच्या किंवा प्रदेशाच्या राहणीचं दर्शन घडवणारी इमारतही त्यात बसते. म्हणजे कमानी आणि घुमट नसले तरी चालतं. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. तसं जगणं ज्या गॅलऱ्यांनी आणि चौकांनी घडवलं, त्यांनाही ही व्याख्या कवेत घेते.

तिसऱ्या दर्जात आतले आणि बाहेरचेही बदल साधारणपणे मान्य होतात. खोलीत संडास-बाथरूम करायचं आहे, स्वयंपाकघर मोठं करायचं आहे, तर त्याला मार्ग आहे. वारसा जपायचा म्हणजे म्हाताऱ्या माणसाने रात्री दोन वाजता गॅलरीच्या टोकाच्या सामाईक संडासाला जायचं, असं माझ्या ओळखीतलं संवर्धनाचं काम करणारं कुणीही म्हणत नाही. २०१२ साली यादीत भर घालायचा प्रस्ताव आला तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी जोरदार विरोध केला होता. त्यामागची भीती मला समजते. आपल्याच घरात आपल्याला खिळा ठोकता येणार नाही, ही ती भीती. दर्जा नीट समजून घेतला की ती बरीच कमी होते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. नियमात दुरुस्ती, बदल, पाडकाम यांच्याबरोबर रंगकामाचाही उल्लेख आहे. बाहेरून रंग लावायचा असला तरी विचारावं लागतं. शेजारच्या साध्या इमारतीत भाडेकरूने नोटीस न देता गिलावा केला, लाद्या बदलल्या, तर चालून जातं. ते आपल्याकडे तसंच चालेल असं गृहीत धरू नका. आणि जवळपास केंद्र सरकारने संरक्षित केलेलं स्मारक असेल तर पुरातत्त्वाचा कायदा वेगळा लागतो. स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, पुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण. ती परवानगी हेरिटेज कमिटी देत नाही.

इमारत वाचायची कशी

आता मुख्य काम. याला मी दोन रविवार देते. इमारतीतलीच दोन तरुण मुलं बरोबर घेते, कारण नंतर बैठकीत आणि कामाच्या वेळी घरातलं कुणीतरी जाणतं लागतं.

पहिला रविवार फोटोंचा. सकाळी आठच्या आत, वाळत घातलेले कपडे येण्याआधी. पहिला फोटो गल्लीच्या तोंडापासून, दोन्ही बाजूंची घरं दिसतील असा. दुसरा गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून. मग समोरच्या इमारतीच्या वरच्या माळ्यावरून पूर्ण दर्शनी बाजू. मागची बाजू, छप्पर, पन्हळी. त्यानंतर गॅलरीचा एकेक गाळा, म्हणजे दोन खांबांमधली जागा, डावीकडून उजवीकडे क्रमाने. प्रत्येक गाळ्याला क्रमांक: तळमजल्याला त१, त२, पहिल्या माळ्याला प१, प२. हेच क्रमांक नकाशावर, हेच फोटोखाली, हेच खर्चाच्या तक्त्यात आणि पुढे सुताराच्या तोंडी. प४ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तीच जागा यायला हवी.

दुसरा रविवार हात लावून बघण्याचा. एक जाड स्क्रूड्रायव्हर, एक लाकडी हातोडी, टॉर्च, टेप आणि खडू. लाकडी खांब वरून छान दिसतो, खालची पहिली वीतभर कुजलेली असते, कारण पाणी तिथेच साठतं. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. चांगलं सागवान टोक आत घेत नाही. कुजलेल्या खांबात ते लोण्यात जावं तसं दोन-दोन इंच आत जातं. जिथपर्यंत जातं तिथे खडूने रेघ मारा आणि जमिनीपासून ती किती उंच आहे ते लिहा. वाडीतल्या एका इमारतीत अठरा खांबांपैकी सगळे बदलायचे असा अंदाज कंत्राटदाराने दिला होता. टोचून पाहिल्यावर पाच खांब पायाशी कुजलेले निघाले, दोन वरच्या टोकाला, अकरा अगदी शाबूत. ते अकरा खांब आज जसेच्या तसे उभे आहेत. एवढ्या जाडीचं, एवढ्या वयाचं सागवान आज बाजारात मागायला जा, म्हणजे त्यांची किंमत कळेल.

तुळयांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे हातोडीने हलकेच ठोका. भरीव आवाज चांगला, पोकळ आला तर तिथे वाळवी किंवा कूज. छपराखाली जाऊन कौलांकडे टॉर्च न लावता बघा. अंधारात उजेडाचे ठिपके दिसतात, तिथून पाणी येतं. भिंतीत पिंपळाचं रोप असेल तर ते उपटू नका, फोटो काढा. मुळं किती खोल गेलीत ते कळल्याशिवाय उपटलं तर दगडही हलतो.

कठड्याची जाळी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, असेल तर तिचा ठसा घ्या. जाळीवर वर्तमानपत्राचं पान ताणून धरायचं आणि कोळशाने हलके घासायचं. उठाव असलेली नक्षी काळी उमटते. आमच्या वाडीतल्या जाळीवर सात-आठ रंगांचे थर होते, इतके जाड की नक्षी म्हणजे नुसते गोळे वाटायचे. कागदावर ठसा आला तेव्हा त्या गोळ्यांतून द्राक्षाचा वेल उमटला, पानाच्या शिरांसकट. तळमजल्यावरच्या आजी साठ वर्षं त्या कठड्याला टेकून भाजी निवडत होत्या. त्यांनी तो कागद हातात घेतला आणि कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. रंगाचे थर बघायचे असतील तर एका कोपऱ्यात रुपयाएवढी जागा पातीने हळूहळू खरवडा. प्रत्येक थराची कड दिसली पाहिजे. सगळ्यात खाली जो रंग सापडेल तो फायलीत घाला. रंगाच्या परवानगीसाठी याच्याइतका भक्कम पुरावा नाही.

आता जे गेलंय त्याचा पुरावा. दोन गाळ्यांतली जाळी कधीतरी चोरीला गेली, तिथे पत्रा मारलाय. मूळ जाळी कशी होती? इथे सरकारी दप्तरापेक्षा घरातले अल्बम कामाला येतात. प्रत्येक बिऱ्हाडात जाऊन मुंजीचे, लग्नाचे, गणपतीचे फोटो मागा. चाळीत सगळे समारंभ गॅलरीतच व्हायचे, त्यामुळे नवरदेवाच्या पाठीमागे कठडा हमखास सापडतो. आम्हाला एका मुंजीच्या फोटोत बटूच्या खांद्यामागे जाळी स्पष्ट दिसली. तो फोटो जसाच्या तसा फायलीत लावला आणि बैठकीत सगळ्यात जास्त वेळ तोच हातोहात फिरला. याशिवाय मालमत्ता पत्रक आणि सिटी सर्व्हेचा नकाशा लागतोच. इमारत फार जुनी असेल तर लॉटनने १८६५ ते १८७२ या काळात केलेल्या मुंबईच्या सर्वेक्षणाचे नकाशे बघण्यासारखे आहेत. घराचा आकार तेव्हाही असाच होता का, हे त्यातून कळतं.

इंजिनिअर लाकूड जाणणारा हवा

तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट लागतंच. प्रश्न आहे तो ऑडिट करणारा कोण, हा. ज्या यंत्राने काँक्रीटवर टकटक करून ताकद मोजतात ते काँक्रीटसाठीच बनलेलं आहे. लाकडी सांगाडा आणि चुन्यातल्या विटांच्या भिंतींबद्दल ते काहीही सांगत नाही. तरीही अशा अहवालांचे गठ्ठे माझ्याकडे येतात. आकडे सगळे काँक्रीटचे आणि शेवटी निष्कर्ष, इमारत धोकादायक. इंजिनिअर नेमताना एकच प्रश्न विचारा: "तुम्ही तुळयांची टोकं उघडून बघणार का?" उत्तर टाळलं तर दुसरा शोधा. त्याच्या अहवालात तुमचेच गाळ्यांचे क्रमांक वापरले जातील हे बघा, नाहीतर नकाशा एक बोलतो आणि अहवाल दुसरं.

इमारत खरोखर धोक्यात असेल तर मात्र वाट बघू नका. सागाचे किंवा लोखंडी टेकू त्याच दिवशी लावा, फोटो काढा आणि वॉर्ड ऑफिस व महापालिकेचा वारसा कक्ष दोघांनाही लगेच लेखी कळवा. महापालिका कायद्याच्या ३५४ कलमाखाली घर रिकामं करण्याची नोटीस आली तर वारशाचा दर्जा तिच्या आड येत नाही, यायलाही नको. माणसं आधी.

कागद

कागदपत्रांवर फार लिहीत नाही, ते तुमचा आर्किटेक्ट करेल. मालकाची सही असलेला अर्ज, मालमत्ता पत्रक, सद्यस्थितीचे आणि प्रस्तावित कामाचे वेगवेगळे नकाशे, फोटो, इंजिनिअरचा अहवाल. अर्ज महापालिकेच्या विकास नियोजन खात्यातल्या वारसा कक्षाकडून समितीच्या विषयपत्रिकेवर येतो. सेसची, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी, इमारत असेल तर म्हाडाच्या रिपेअर बोर्डाशीही बोलावं लागतं. बोर्डाच्या कामात कठड्याच्या जागी विटांची भिंत किंवा काँक्रीटचे खांब धरलेले असू शकतात, म्हणून त्यांचा अंदाजपत्रकाचा कागद आधी मिळवा आणि त्यातल्या बाबी आपल्या प्रस्तावाशी जुळवा.

पागडीच्या इमारतीत मालक सही द्यायला कुरकुरतो, कारण त्याचा डोळा पुनर्विकासावर असतो. अशा मालकाला सांगण्यासारखी एक गोष्ट नियमातच आहे. वारशाच्या बंधनामुळे जे बांधकामाचे हक्क वापरता येत नाहीत, त्यांच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारे हक्क, मिळण्याची तरतूद आहे. तुमच्या प्रकरणात ती लागू पडते का, हे आर्किटेक्टकडून तपासून घ्या आणि मगच मालकाशी बोला.

प्रस्ताव लिहिण्याची माझी पद्धत

सुरुवातीच्या वर्षांतली माझी एक फाईल परत आली होती. मी लिहिलं होतं, "सध्याच्या गॅलरीची आवश्यकतेनुसार दुरुस्ती व बदल." आवश्यकता कुणी ठरवायची? कंत्राटदाराने? ते एक वाक्य वाचून समितीने माझ्यावर विश्वास का ठेवावा? आम्हाला पुढच्या बैठकीपर्यंत थांबावं लागलं आणि तोवर वळवाचे पाऊस सुरू झाले. एका घरात रात्रभर बादल्या लावून बसलेली माणसं मी पाहिली. ते माझ्या आळशी वाक्यामुळे झालं. तेव्हापासून मी प्रत्येक गाळ्यासाठी तीनच शब्द वापरते: ठेवायचं, दुरुस्त करायचं, बदलायचं. समोर मोजमाप आणि कारण.

"प४, डावा खांब. दुरुस्त करायचा. जमिनीपासून अकरा इंच कुजलेला. तेवढा भाग तिरका काप घेऊन काढायचा, जुन्या सागवानाचा तुकडा जोडायचा, पायाशी दगडी बैठक उचलून पाणी निघायला उतार द्यायचा." असं लिहिलं की वाचणाऱ्याला प्रश्न उरत नाही. आणि "बदलायचं" या रकान्यात जितक्या कमी ओळी, तितकी तुमची बाजू बळकट आणि तितकाच खर्चही कमी. भाडेकरूंच्या सभेत हा तक्ता वाचून दाखवा. सगळं पाडून नवं करायच्या अंदाजापेक्षा हा आकडा बहुतेक वेळा खाली येतो, आणि तिथे वारशाबद्दलची अर्धी नाराजी संपते.

कठड्याच्या उंचीचा प्रश्न हमखास निघतो. जुने कठडे बुटके असतात. आमचा सव्वादोन फूट होता. मूल चढून ओणवं होऊ शकतं. ही खरी काळजी आहे, ती लपवू नका, प्रस्तावातच मांडा. आम्ही जुनी जाळी आणि तिच्यावरचा लाकडी हातधरा तसाच ठेवला. त्याच्या आतल्या बाजूला, चार बोटं मागे, बारीक लोखंडी गज दोन ओळींत वर घेतले आणि काळपट रंगवले. गल्लीतून मान वर करून बघा, गज दिसत नाहीत. आत उभ्या राहिलेल्या बाईच्या छातीपर्यंत येतात. काही वर्षांनी गज काढायचे झाले तर जुन्या जाळीला एक भोकही पडलेलं नाही, कारण ते खांबांना पट्ट्यांनी धरलेत. काढता येईल अशी भर घातली की समितीचं मन लवकर वळतं.

एसीचं बाहेरचं यंत्र, केबलच्या वायरी, पाण्याचे पाइप, टाक्या हेही नकाशात दाखवा. लोक हे वगळतात. मग परवानगीचं काम देखणं होतं आणि त्यावरून निळा पाइप वेडावाकडा उतरतो. दुकानांच्या पाट्यांचंही तसंच. दादाभाई नौरोजी रोडवर कमानींच्या मापात बसवलेल्या पाट्या बघून या. कमानी मोकळ्या ठेवून दुकानाचं नाव कसं लावता येतं, ते तिथे चालता चालता कळतं.

बैठक

बैठकीत एका विषयाला फार वेळ मिळत नाही. दहा मिनिटं धरून चाला. पहिल्या चित्रात अख्खी गल्ली दाखवा, दुसऱ्यात इमारत, तिसऱ्यात बिघाड, चौथ्यात तुमचा उपाय. इतिहासाचं भाषण नको, तो त्यांना ठाऊक असतो. इमारतीतलं कुणीतरी बरोबर न्या. आमच्या वेळी एका सदस्याने विचारलं की जिन्याचा बंद केलेला झरोका मुळात उघडा होता का. मला माहीत नव्हतं. मागे बसलेले दुसऱ्या माळ्यावरचे काका म्हणाले, "पंच्याहत्तर सालापर्यंत उघडा होता. आम्ही तिथून पतंग सोडायचो." झरोका उघडायची अट तिथेच घातली गेली आणि आता जिन्यात दिवसा दिवा लावावा लागत नाही.

सदस्य जागा बघायला येऊ शकतात. आले की झाकापाक करू नका. गळतं तिथे नेऊन उभं करा.

परवानगी अटींसह येते. रंगाचा नमुना मंजूर करून घ्या, गिलाव्याचा नमुना करून दाखवा, काम संवर्धनाच्या जाणकाराच्या देखरेखीखाली करा, झाल्यावर अहवाल द्या, अशा त्या अटी. त्या मराठीत उतरवून जिन्याच्या तोंडाशी लावा. गवंड्याला इंग्रजी पत्र वाचता येत नाही आणि काम तर तोच करणार असतो.

कामाच्या वेळी

सगळ्यात जास्त नुकसान सिमेंटने होतं. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. ती ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि भिंतीतली तुळईची टोकं कुजायला लागतात. एका इमारतीत मी दोन दिवस आजारी होते, तेवढ्यात कंत्राटदाराने जिन्याकडची भिंत सिमेंटने गुळगुळीत करून टाकली. दिसायला छान होती. पहिल्याच पावसात पापुद्रे सुटले, आणि सिमेंट काढताना विटांच्या कडाही त्याच्याबरोबर निघून आल्या. ती भिंत पुन्हा चुन्यात करायला तिप्पट वेळ लागला.

चुना घाईत होत नाही. कळीचा चुना विझवून निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्या, जास्त मुरला तर आणखी चांगला. वाळू धुतलेली हवी. आमचे गवंडी बेलफळाचं पाणी, गूळ आणि मेथी घालतात. गिलावा पातळ थरांत, एक थर ओढला की दुसरा, आणि रोज पाणी मारत राहायचं, ऊन लागू द्यायचं नाही. म्हणून हे काम दिवाळीनंतर सुरू करून मार्चच्या आत उरकावं. आधी तीन बाय तीन फुटांचा नमुना करून घ्या आणि तो मंजूर झाल्यावरच पुढे जा.

दगड आणि बीड साफ करताना वाळूचा मारा करणारं यंत्र आत येऊ देऊ नका. मालाडचा दगड त्याने खरवडून निघतो आणि नंतर पाणी पितो. बिडाची जाळी वेल्डिंगने जोडायचा आग्रह धरणारा माणूसही नको. बीड ठिसूळ, तडकतं. तुटलेल्या जागी मागून पट्टी लावून स्क्रूने धरता येतं, आणि गेलेल्या जाळ्या जुन्या जाळीचा साचा करून ओतून घेता येतात. ओतारी आजही मिळतात, शोधावे लागतात.

रोज संध्याकाळी त्याच क्रमांकांनी फोटो काढा. प४ आधी, प४ मधे, प४ नंतर. शेवटच्या अहवालाला याशिवाय दुसरं काही लागत नाही.

काम संपल्यावर ओतून उरलेली एक जाळी, मंजूर रंगाचा छोटा डबा, मुरलेल्या चुन्याचं घट्ट झाकणाचं पिंप आणि नकाशांची एक प्रत जिन्याखालच्या फडताळात ठेवा. जाळीला सुतळीने चिठ्ठी बांधा: कुठल्या गाळ्याची, कोणत्या वर्षी ओतली, साचा कुणाकडे आहे. आमच्या फडताळाची किल्ली तळमजल्यावरच्या आजींकडे असते. पुढच्या वेळी कठडा हलला की पहिला फोन त्यांना करायचा, असं वाडीत ठरलंय.